उताणं भिंग

१

एक होती दुर्बीण, एक होता तिचा नवरा, एक होती सासू आणि एक होती खार. चौघं मिळून एका घरात राहत, आणि सगळं घर चालायचं दुर्बिणीच्या दोन डोळ्यांवर.

दुर्बीण म्हणजे बाईमाणूस बरं का, यंत्र नव्हे. भिंगांच्या कारखान्यात ती तपासणीला होती. केसाहून बारीक ओरखडा तिला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, म्हणून कुणीतरी ते नाव पाडलं आणि तिच्या मागेमागे ते घरापर्यंत आलं. खार म्हणजे तिची मुलगी. तोंड कायम चालू, हातात काही ना काही कुरतडायला असायचंच, म्हणून खार. सासूला मात्र टोपणनाव नव्हतं. ते पाडायची कुणाची छाती नव्हती.

नवरा आधी त्याच कारखान्यात लेझरच्या टेबलावर होता. एक दिवस काय झालं, एका भिंगावर लेप चढवायचा राहून गेला. भिंगाला लेप असला की उजेड मुकाट पार होतो. नसला की थोडासा उजेड भिंगाच्या तोंडावर आपटून माघारी फिरतो. थोडासाच. पण लेझरचा थोडासा म्हणजे डोळ्याला पुष्कळ. नवऱ्याने घाम पुसायला काळा चष्मा कपाळावर सरकवला होता, आणि तेवढ्यात ते झालं. डावा डोळा त्याचा जन्मापासून अधू. उजव्याच्या मधोमध भोक पडलं.

भोक म्हणजे दिसायला काही नव्हतं. डोळा होता तसाच. पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं व्हायचं, बाजूचं तेवढं दिसायचं. बायकोचं तोंड बघायचं तर तिच्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघावं लागे. खार म्हणायची, "बाबा, मी इकडेय!" आणि तो म्हणायचा, "माहितेय गं. म्हणूनच तिकडे बघतोय."

त्यात आता भोकाच्या काठाला नव्या शिरा फुटल्या होत्या. त्या पाझरायच्या, आणि भोक पसरत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, या शिरा लेझरनं भाजून बंद केल्या तर आहे तेवढं तरी राहील. गेलेलं परत यायचं नाही. त्यासाठी नवं यंत्र यायचं होतं. यंत्र अडलं होतं एका भिंगासाठी, आणि ते भिंग बनत होतं दुर्बिणीच्याच कारखान्यात.

झोपायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सासू उताणी, हात छातीवर, घोरणं असं की भांडी हलावीत. खार पालथी, बेडकीसारखी, एक गाल उशीत रुतलेला. नवरा भिंतीकडे तोंड करून. आणि दुर्बीण जशी पडेल तशी, कारण ती झोपायची नाही, कोसळायची.

२

तपासणीची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. पांढऱ्या भिंती, धूळ येऊ नये म्हणून एकामागे एक दोन दारं, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. फडकं एवढ्याचसाठी, की लेपावर माणसाचा श्वास पडू नये. एकच खिडकी, कधीही न उघडणारी. पलीकडे पाण्याची टाकी, टाकीला लोखंडी शिडी आणि आभाळाचा एक तुकडा.

भिंग धरायचं ते दोन बोटांनी, कडांना. पोटाला नाही, पाठीला नाही. ट्रेमध्ये गोल खाचा असायच्या, त्यात भिंग कडांवर टेकायचं. भिंगावर खूण करता येत नाही, शाईचा थेंब म्हणजे लेपाचं वाटोळं. म्हणून तिथली रीत अशी, की पास झालेलं भिंग खाचेत उताणं ठेवायचं, फुगीर पोट वर. नापास झालेलं पालथं. सगळा घाणा, म्हणजे एका वेळची सगळी भिंगं, तपासून झाला की पालथ्यांची भुकटी व्हायची. दुर्बिणीला काम शिकवलेली म्हातारी आक्का, जी आता कामावर नव्हती, ती सांगायची, "एकदा पालथं ठेवलं की परत हात लावायचा नाही. मन द्रवतं, आणि मन द्रवलं की डोळा खोटं बोलतो."

आक्काचीच आणखी एक रीत होती. लेझरच्या टेबलावर चढवण्याआधी प्रत्येक भिंगात 'खिडकी उतरवायची'. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात पांढरं कार्ड. खिडकीसमोर भिंग धरायचं, मागे कार्ड पुढेमागे करायचं, आणि एका जागी खिडकी टपकन कार्डावर उतरते. नखाएवढी, रंगांसकट, आणि उलटी. टाकी लोंबलेली, शिडी लोंबलेली, आभाळ तळाशी. साध्या गोल भिंगात कडेचे किरण घाईने आधीच भेटून मोकळे होतात आणि चित्राच्या कडा विरघळतात. ही भिंगं अ‍ॅस्फेरिक, म्हणजे कडेकडे जरा चपटी करत नेलेली. त्यामुळे मधले, कडेचे, सगळे किरण एकाच जागी हजेरी लावतात. तेवढ्या खिडकीत शिडीच्या पायऱ्याही मोजता याव्यात.

डोळ्यांच्या यंत्रासाठीच्या भिंगांचा घाणा त्या दिवशी तपासणीला आला होता. यंत्राची अट कडक होती. त्याच भिंगातून डॉक्टरने डोळ्याचा तळ बघायचा आणि त्याच भिंगातून लेझर सोडून शीर भाजायची. बघणं चुकलं तर भाजणं चुकलं. एकेक करत सगळी भिंगं पालथी पडली. कुणाचा लेप डागाळलेला, कुणाचा लेझरचा ठिपका पडद्यावर फाटलेला. दुर्बिणीचे पाय भरून आले, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. शेवटचं राहिलेलं भिंग तिने उचललं आणि खिडकी उतरवली.

टाकी लोंबत होती. शिडी लोंबत होती. आभाळ तळाशी.

आणि खिडकीपाशी कुणीतरी उभं होतं. सरळ.

३

तिने आधी मागे नाही, पुढे बघितलं. खिडकी रिकामी. काचेपलीकडे टाकी, शिडी, कुणी नाही. कार्डाकडे बघितलं. आहे. काळसर, बारीक, काठीसारखं. डोकं, खांदे, पाय. कार्डावरच्या त्या उलट्या जगात एकटं तेवढं पायांवर उभं.

कचरा असेल, असं तिच्या मनात आलं. पण भिंगावरचा कचरा कार्डावर उतरत नाही, नुसता उजेड किंचित कमी होतो. लेपाला डाग असेल? तोही उतरत नाही. कार्डावर उतरतं ते फक्त भिंगासमोर जे असतं ते. हे तिला झोपेतही ठाऊक होतं, म्हणून तर तिने लगेच ते भिंग खाचेत ठेवलं, उताणंही नाही आणि पालथंही नाही, नुसतंच कडेवर तिरकं टेकवून, आणि लेपाच्या खोलीकडे गेली.

लेपवाला आपल्या पिंपासमोर डबा उघडून बसला होता. पिंप म्हणजे हवा काढून घेतलेली लोखंडी कोठी, तिच्यात भिंगांवर लेप चढायचा.

"काय रे लेपवाल्या, या घाण्यात काय घातलंस?"

"नेहमीचंच. का? डाग पडलेत?"

"डाग नाही."

"मग?"

"शेवटच्या भिंगात... खिडकी नीट उतरत नाही."

"ठिपका बघितलास? लेझर लावलास?"

"अजून नाही."

"मग आधी लेझर लाव आणि मग माझ्या पिंपाला नावं ठेव." त्याने घास गिळला. "दुर्बिणीला चष्मा लागायची वेळ झाली का काय? सांग म्हणजे पेढ्याबिढ्यांची सोय करू."

ती हसली. हसायचा कंटाळा आला होता, तरी हसली. तपासणीवालीला भलतंसलतं दिसतं ही गोष्ट कारखान्यात पसरायला एका चहाचा अवकाश होता. तिचे डोळे गेले म्हणजे घर गेलं.

परत येऊन तिने भिंग लेझरच्या टेबलावर चढवलं, फुगीर पोट लेझरकडे, सपाट पाठ ठिपक्याकडे. पडद्यावर ठिपका आला. असा ठिपका तिने आजवर बघितला नव्हता. गोल, घट्ट, कडेला ना शेपूट ना धुकं. जणू सगळा उजेड एका जागी येऊन श्वास रोखून उभा होता.

तिने पुन्हा खिडकी उतरवली. या वेळी खिडकी लख्ख आली, पण ते कुणीतरी मात्र धुरकट. तिने जरा थांबून कार्ड थोडं मागे घेतलं. खिडकी विरघळली, आणि ते स्पष्ट झालं.

दूरची वस्तू उतरवायला कार्ड पुढे लागतं, जवळची उतरवायला मागे. शिकाऊ पोरीलाही हे पहिल्याच दिवशी सांगतात. ते आता खिडकीपाशी नव्हतं. खोलीत आलं होतं.

४

घरी आली तेव्हा सासू खारीच्या केसांतला गुंता काढत होती आणि खार किंचाळत होती.

"आलीस? बरं झालं. धर ही तुझी कार्टी. डोक्यात घरटं केलंय."

"आई, जरा बसू द्या."

"बस की. मी काय खुर्ची ओढून घेतेय?" पण सासूने उठून स्वतःच तिच्यापुढे पाणी ठेवलं. म्हातारीचं बोलणं काटेरी आणि हात मऊ होते. मुलाचा डोळा गेल्यापासून ती त्याच्या ताटात काय कुठे वाढलंय ते बोलता बोलता सांगून टाकायची, पण कुणाच्या लक्षात येऊ द्यायची नाही.

नवरा दाराशी बसला होता. तिच्या आवाजाच्या बाजूला, भिंतीकडे बघत म्हणाला, "काय म्हणतंय आमचं भिंग?"

"सगळी नापास झाली."

"सगळी?"

"एक राहिलंय."

"ठिपका?"

"ठिपका चांगला आहे."

"मग झालं तर!" तो हसला. मग हळूच म्हणाला, "अगं, आज सकाळी मला माझा हात दिसला नाही. समोर धरला, पूर्ण नाहीसा. बोटंसुद्धा. काल बोटांची टोकं तरी दिसत होती."

 जेवणं झाल्यावर ती भांडी घासायला बसली. घासलेले पेले एकेक करून पालथे घालत होती, आणि पालथे घालता घालता तिचा हात थांबला.

भिंगातून सगळं उलटं होऊन कार्डावर पडतं. उभं असेल ते लोंबतं. मग कार्डावर जे सरळ उभं दिसतं, ते खोलीत कसं असेल?

तिने तो पेला हातात तसाच धरला. खोलीच्या छताला पाय लावून कुणी डोकं खाली सोडून उभं आहे, असं चित्र तिच्या मनात आलं, आणि तिने ते मोरीतल्या पाण्याबरोबर जाऊ दिलं. कुणी असतं तर तिला दिसलं असतं. तिने छताकडे बघितलं होतं ना?

बघितलं होतं का? तिला आठवेना. तिने समोर बघितलं होतं. वर कशाला कोण बघतं?

५

दुसऱ्या दिवशी साहेब सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. साहेब म्हणजे तपासणीचे वरिष्ठ, माणूस बरा, पण घाई पोटात घेऊन जन्मलेला.

"बाई, त्या यंत्रवाल्यांचा माणूस बाहेर बसलाय. एक तरी द्या हो."

"बघते साहेब."

"ठिपका तर अप्रतिम म्हणता."

"ठिपका चांगला आहे."

"मग अडलं कुठे? आणि हे यंत्र कुणासाठी चाललंय, ते मी तुम्हाला सांगायला हवं का? तुमच्या घरच्यांचा नंबर पहिला लावून घेतलाय मी. दुसरं भिंग यायचं म्हणजे घाणा पुन्हा पहिल्यापासून. तोवर..."

"कळतंय साहेब."

ते गेले. दुर्बीण भिंगासमोर बसून राहिली. तिच्यापुढे सरळ हिशोब होता. भिंग पास होऊन यंत्रात गेलं तर नवऱ्याचा डोळा राहील. भिंग अडवलं तर भोक पसरत जाईल आणि एक दिवस तिचा कानही त्याला दिसायचा नाही. अडवायचं ते कशासाठी, तर तिला कार्डावर कुणीतरी दिसलं म्हणून. रात्र रात्र न झोपलेल्या बाईला.

तरीही आक्काने लावलेली सवय मोठी वाईट. तिने भिंग दोन बोटांनी उचललं आणि खाचेत पालथं ठेवलं. ट्रेवर झाकण लावलं, बाहेर जाऊन डबा उघडला, कसेबसे चार घास खाल्ले, हात धुतले आणि परत आली.

झाकण तसंच होतं. आत बाकीची सगळी पालथी. ते एक तेवढं उताणं.

तिने बाहेर जाऊन साहेबांना विचारलं, "आत कुणी आलं होतं का?"

"मी इथेच होतो की. चिटपाखरू नाही. का, काय झालं?"

"काही नाही."

म्हणजे तिनेच ठेवलं असणार उताणं. हाताला वळण असतं. डोकं दमलं की हात आपल्या मनाने वागतो. मनात नापास म्हणाली आणि हाताने पास केलं. हे पटण्यासारखं होतं. तिने ते पटवून घेतलं, आणि मग शेवटचं, अगदी शेवटचं म्हणून, पुन्हा भिंग आणि कार्ड उचललं.

६

खिडकी उतरली. बाकी काही नव्हतं. तिला हायसं वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं की खिडकीवर एक मळकट ढग आहे. एवढा मोठा, की जवळजवळ सगळी खिडकी झाकोळलेली. तिने कार्ड मागे घेतलं. आणखी मागे. हात लांब पुरला तेवढा. खिडकी पुसट झाली, गेली, आणि ढगाला कडा फुटायला लागल्या.

ते हातभर अंतरावर होतं.

चेहरा दिसला नाही. मान वाकलेली होती, तिच्याकडे लक्षच नव्हतं त्याचं. दुर्बिणीला पाठीच्या त्या बाकाची ओळख पटली. ती बसायची तशीच पाठ. कोपर अंगाला चिकटवलेलं, तिच्यासारखंच. ते काहीतरी निरखत होतं. दोन बोटांत, कडांना धरून, उजेडाकडे तिरकं करून. पोटाला बोट नाही, पाठीला नाही. धरलेली वस्तू भिंगासारखी गोल नव्हती. लांबट होती, कापडात गुंडाळल्यासारखी, एका टोकाला पांढुरकी.

त्याने ती इकडून बघितली. तिकडून बघितली. घाई नव्हती त्याला. मग हात खाली नेऊन ती वस्तू त्याने कुठेतरी ठेवली. अलगद, जपून. पालथी.

दुर्बिणीच्या केसांवरून काहीतरी हललं. वारा म्हणावा, तर त्या खोलीत वारा नसतो. तिने वर बघितलं नाही. मान वर करायची तेवढी गोष्ट होती, आणि ती तिच्याच्याने होईना.

दार वाजलं. "काय बाई? झालं का?"

तिने कार्ड उपडं केलं. भिंग ट्रेमध्ये ठेवलं. या वेळी तिला ठाम ठाऊक होतं की कसं ठेवतेय. नवऱ्याचा हात तिच्या डोळ्यांसमोर होता, बोटांच्या टोकांसकट नाहीसा झालेला.

"झालं साहेब. पास."

७

यंत्र बसलं. नवऱ्याचा नंबर आला. दुपारी ती त्याला धरून घेऊन गेली आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली. भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र टांगलेलं होतं. पुढे भिंग, मागे पडदा, आणि पडद्यावर एक झाड उलटं लोंबत होतं. तिने नजर काढून घेतली.

तो बाहेर आला तो हसत.

"दुखलं का हो?"

"छे. आधी हिरवा उजेड, मग टकटक टकटक. सुतारपक्षी बसल्यासारखा. डॉक्टर पुढून बघत होते." तो थांबला. "आणि एकदा कुणीतरी मागून बघितलं."

"मागून म्हणजे? नर्स असेल."

"खोलीत नाही गं. डोळ्याच्या मागून. आतल्या बाजूनं कुणी वाकून बाहेर बघावं तसं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, शिरांच्या सावल्या दिसतात कुणाकुणाला."

"मग तेच असेल."

"तेच असणार," तो म्हणाला. तिने त्याचा दंड धरला आणि दोघं घराकडे चालू लागले.

आणि भोक आकसायला लागलं. डॉक्टरांनी थांबेल म्हणून सांगितलं होतं, भरेल असं नव्हतं सांगितलं. पण आधी बोटांची टोकं आली, मग बोटं, मग तळहात. सासू रोज त्याच्यापुढे चमचा धरायची आणि "हे काय आहे?" म्हणून लहान मुलासारखं विचारायची, आणि तो मुद्दाम "झाडू" म्हणायचा.

एका सकाळी घर उशिरा जागं झालं. जाग आली ती शांततेने. कुणी घोरत नव्हतं.

सासू पालथी होती.

जन्मात कधी पालथी न झोपलेली बाई. हात दोन्ही अंगालगत, पाय जुळवलेले, चादरीला सुरकुती नाही, उशी बाजूला नीट सारलेली. पडलेली वाटत नव्हती. ठेवलेली वाटत होती. डॉक्टर आले, म्हणाले वय झालेलं, झोपेत हृदय थांबलं, त्रास झाला नसेल.

दोघांनी मिळून तिला उताणं केलं. दुर्बिणीने खांद्याला आणि कमरेला धरलं, आणि धरल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण दोन बोटांनीच धरलंय. तिने पटकन पूर्ण हात घातले.

नवरा आईकडे बघून रडत होता. बघत होता तो सरळ. कानाशेजारच्या भिंतीकडे नाही. अगदी नाकासमोर, तोंडाकडे.

"हनुवटीवर तीळ होता तिच्या," तो म्हणाला. "मी विसरलो होतो. दिसतोय गं मला. सगळी दिसतेय."

८

तर मग त्या घराचं नशीब उघडलं. नवरा पुन्हा कामाला लागला, आणि त्याची नजर आता अशी, की लोक म्हणत एका घरात दोन दुर्बिणी झाल्या. कारखान्यात त्या जातीची भिंगं घाण्यामागून घाणे पास व्हायला लागली. एकही पालथं पडेना. साहेबांनी आनंदाने दुर्बिणीला तपासणीची मुख्य केलं. ती कार्ड हातात धरत नाही. "खिडकी कशाला उतरवायची, ठिपका बघा की," असं नव्या मुलींना सांगते. लेपवाला चिडवतो, "मुख्य बाई, आमच्या पिंपाची माफी मागायची राहिली बरं का!" ती मागते. घर रंगवून झालं, पांढरंशुभ्र. खारीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

एकच लहानशी गोष्ट. खार आता पालथी झोपत नाही. रात्री झोपते बेडकीसारखी, आणि सकाळी बघावं तर उताणी. हात अंगालगत, पाय जुळवलेले, चादर सरळ. नवराही तसाच. भिंतीकडे तोंड करून झोपतो आणि उताणा उठतो.

"मोठी झालीस गं," नवरा लेकीला म्हणतो. "शिस्त आली झोपेला."

"मी नाही वळत," खार तोंडातला घास सांभाळत म्हणते. "मला वळवतात."

"कोण?"

"आई, अजून कोण?"

दुर्बीण हो म्हणते.

ती स्वतः सकाळी जागी होते ती कुशीवर. पाठ टेकलेली नाही, पोट टेकलेलं नाही. अगदी कडेवर. खांद्याला एका जागी दाब आणि कमरेला एका जागी दाब, बोटाच्या पेराएवढा. अंग दुखतं, ती म्हणते, दिवसभर बसून अंग दुखणारच.

परवा पहाटे डोळे किलकिले झाले तर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर नखाएवढी खिडकी उतरली होती. पडद्याला भोक असेल, ती मनात म्हणाली, भोकातूनही चित्र पडतं. पण भोकातून पडतं ते बाहेरचं, आणि भिंतीवर होती ही खोलीच. कपाट लोंबत होतं. पलंग वरून लोंबत होता, त्यात नवरा, त्यात खार, दोघं शांत, उताणी. आणि पलंगाच्या कडेला, तिच्या बाजूला, तेच कुणीतरी, सरळ उभं. वाकलेलं, कोपर अंगाला चिकटलेलं. त्याची दोन बोटं होती तिच्या खांद्यावर आणि कमरेवर.

तिने वर बघितलं नाही. डोळे मिटले. निरखताना भिंग हललं की सगळं पहिल्यापासून बघावं लागतं, आणि बघणाऱ्याला वैताग येतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती हलली नाही. श्वाससुद्धा तिने बेतानेच घेतला.

थोड्या वेळाने उजाडलं. नवऱ्याने चहा ठेवला, खारीला हाक मारली, आणि दारात उभा राहून बायकोच्या तोंडाकडे सरळ, नीट, डोळे भरून बघितलं. "अजूनही नवल वाटतं, किती स्पष्ट दिसतेस तू," तो म्हणाला.

असं ते घर शेवटी सुखाला लागलं. सगळ्यांची घरं अशीच सुखाला लागोत, आणि उजाडताना सगळे उताणे सापडोत.